'स्टेबल' म्हणजे नक्की काय?

मध्यंतरी आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरसाठी लिनक्स निवडायची बैठक झाली. मशीन २०१२ मधलं, इंटेल झिऑन ई५-२६०० मालिकेतलं. सगळी ग्रंथसूची त्याच्यावर, आणि नवं घ्यायला पैसे नाहीत. जो तो 'स्टेबल हवं' म्हणत होता, आणि प्रत्येकाच्या मनात अर्थ निराळा!

बहुतेकांना वाटत होतं, स्टेबल म्हणजे बंद न पडणारं. डेबियनवाले हा शब्द तसा वापरत नाहीत. एकदा स्टेबल जाहीर झालं की आतल्या प्रोग्रॅमांच्या आवृत्त्या शक्यतो बदलायच्या नाहीत; सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या त्या जुन्या आवृत्तीतच बसवायच्या. वेदान्तात कूटस्थ नित्य आणि परिणामी नित्य असा भेद करतात. पहिलं मुळीच न बदलणारं. दुसरं बदलतं, पण 'हे तेच' ही ओळख मोडत नाही. डेबियन दुसऱ्या प्रकारातलं. कूटस्थ सर्व्हर हवा असेल तर नेटची वायर काढून ठेवा!

माझा आक्षेप वेगळाच आहे. स्टेबल म्हणताना आपण दिलेल्या शब्दावरही भरवसा ठेवतो. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळायचा होता. तो २०२१ अखेर संपणार, असं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. प्रोग्रॅम होता तसाच, शब्द फिरला. रेड हॅट १० ला तर व्ही-३ पातळीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे एव्हीएक्स-२ हवं, आणि ते इंटेलमध्ये आलं २०१३ च्या हॅसवेलपासून. आमचं मशीन धडधाकट, पण एका अटीने म्हातारं ठरलं. (माझ्या निवृत्तीची आठवण झाली, असो.)

अल्मालिनक्सने १० ची व्ही-२ साठी वेगळी बांधणी ठेवली, हे उत्तम केलं. मात्र बाहेरची पॅकेजं व्ही-३ साठीच बांधलेली असू शकतात, तिथे अडतं. डेबियनही धुतल्या तांदळाचं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ ला ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. आमचं ६४-बिट, म्हणून निभावलं.

मी डेबियन १३ सुचवलं. तीन वर्षं नेहमीचा आधार, एलटीएस धरून साधारण पाच. तेवढ्यात एक तरुण सभासद म्हणाला, "सर, डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरचं काय?" हे मला सुचलंच नव्हतं. रेड हॅटने ८ मध्ये जुन्या कंट्रोलरांचे ड्रायव्हर काढले होते. असं झालं की प्रोसेसर चालतो आणि डिस्कच दिसत नाही. मग पेनड्राइव्हवरून डेबियन लाइव्ह चालवून पाहिलं. डिस्क दिसल्या. सूचीचा बॅकअप त्याच मुलाने आदल्या दिवशी घेऊन ठेवला होता, तेव्हा इन्स्टॉलला बसलो.