लॅटिनो स्थलांतरितांच्या कथांतील बेघरपणाचे चित्रण

प्रस्तावना
अमेरिकेतील लॅटिनो कथाकारांनी शेतमजूर, कागदपत्रे नसलेले कामगार आणि मध्य अमेरिकेतील यादवीतून निसटलेले निर्वासित यांचे जीवन लघुकथेत आणले. या कथांतील हालअपेष्टा केवळ दारिद्र्यातून उद्भवत नाहीत. श्रम हवेत, परंतु श्रमिकाचे घर, पाणी आणि शाळा यांची जबाबदारी नको, ही वृत्ती त्यांच्या मुळाशी आहे.

विवेचन
तोमास रिवेरा यांच्या १९७१ मधील स्पॅनिश कथामालिकेत शेतात राबणारा तहानलेला मुलगा मालकाने मनाई केलेले पाणी पितो. मालकाला त्याला फक्त घाबरवायचे असते. गोळी मात्र मुलाचा जीव घेते. फ्रान्सिस्को हिमेनेझ यांच्या ‘द सर्किट’ (१९७३) या कथेत रक्तपात नाही. शिक्षक ट्रम्पेट शिकवण्याचे कबूल करतात त्याच दिवशी पांचितो आनंदाने घरी येतो, तर सामान खोक्यांत बांधलेले असते. हंगाम संपला की शिक्षणही संपते, हे लेखक एकाही भाष्याशिवाय सांगतो.

हेलेना मारिया विरामोंतेस यांची ‘द कॅरिबू कॅफे’ (संग्रह १९८५) अधिक गुंतागुंतीची आहे. किल्ली हरवलेली सोन्या धाकट्या मॅकीसह रस्ता चुकते. पोलिसांपासून दूर राहण्याची शिकवण मिळाल्याने तिला मदत मागता येत नाही. मध्य अमेरिकेतून आलेली, मुलगा गमावलेली स्त्री मॅकीलाच आपला हेराल्डो समजते. उपाहारगृहाचा मालक पोलिसांना बोलावतो. या मालकाचाही मुलगा व्हिएतनाम युद्धात गेलेला आहे. त्यामुळे तो खलनायक ठरत नाही. दुःख समान असूनही एकाच्या हाती दूरध्वनी आहे आणि दुसरीला कायद्याचा आधार नाही, हा भेद ठळक होतो. निवेदक पूर्वसूचनेविना बदलत असल्याने वाचकही मुलांसारखाच वाट चुकतो.

या कथेला ऐतिहासिक संदर्भ आहे. १९८० च्या निर्वासित कायद्यानंतरही त्या दशकात एल साल्वादोर व ग्वाटेमालातील फार थोड्या अर्जदारांना आश्रय मिळाला. तेथील सरकारांना अमेरिकेचा पाठिंबा होता. कायद्याने केलेला ‘निर्वासित’ आणि ‘बेकायदा’ हा भेद कथेतील आईच्या बाबतीत निरर्थक ठरतो.

निष्कर्ष
तिन्ही कथांत व्यवस्थेचा आघात मुलांवर होतो, म्हणून त्यांचे वाचन सहजच करुणेपाशी थांबते. परंतु पाणी, खोके आणि किल्ली या साध्या वस्तू उत्तरदायित्वाचा प्रश्न विचारतात. तो दुर्लक्षिल्यास या कथा केवळ दुःखकथा उरतात आणि त्यांतील आरोप वाचायचा राहून जातो.