कुत्रा : पोथीतला आणि पलंगाखालचा

कुत्र्यांवर आजवर जे काही लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं कुत्रा न पाळलेल्या माणसांनी लिहिलं असावं, असा मला दाट संशय आहे. हे पाप मीही केलेलं आहे. चौथीत असताना ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर मी लिहिलं होतं, ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे. तो शूर असतो. तो घराची राखण करतो.’ या तीन वाक्यांवर मला दहापैकी सात मार्क मिळाले. तेव्हा आमच्या घरी कुत्रा नव्हता. आता आहे. आता तोच निबंध पुन्हा लिहायला बसवलं, तर मी सपशेल नापास होईन.

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. नाव ठेवलं तेव्हा तो चार महिन्यांचा होता आणि आम्ही आशावादी होतो. साताऱ्याच्या पावसात मंडईतल्या एका हातगाडीखाली तो कुडकुडत बसला होता. तिथून मी त्याला पिशवीत घालून घरी आणला. आज तो चांगला दांडगा झालाय. गल्लीतल्या म्हशीला तो दरडावतो, मोटारसायकलीच्या मागे लागतो, पोस्टमनचं तर तोंडही बघत नाही. म्हणजे घराबाहेर त्याच्या शौर्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न येतो तो घरात.

वाघ्या मिक्सरला भितो. हे मी समजू शकतो. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याचा कान 45,000 च्या आसपास पोचतो. आपल्याला जो मिक्सर नुसता ओरडल्यासारखा वाटतो, तो त्याला आणखी काय काय बोलत असेल, कोण जाणे! कुकरची शिट्टीही मी समजू शकतो. पण पुरणयंत्राचं काय? ते बिचारं वर्षातून दोनदा माळ्यावरून खाली येतं आणि तोंडातून आवाज काढत नाही. वाघ्या मात्र होळीच्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक पाय टाकतो, पुरणयंत्र बघतो आणि तोच पाय तसाच मागे घेतो.

सगळ्यात कहर म्हणजे चटई. ज्या चटईवर हा रात्रभर तंगड्या वर करून घोरतो, तीच गुंडाळून कोपऱ्यात उभी केली की तिच्यापासून चार हात लांबून, भिंतीला अंग घासत जातो. आडवी असली तर चटई आपली, उभी राहिली की परकी! सुरुवातीला मी यावर पुष्कळ हसलो. मग आठवलं, की आमच्याबरोबर वीस वर्षं पत्ते कुटणारे शेजारचे नाना सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा मीसुद्धा जिन्यात त्यांना असाच भिंतीला घासून चुकवत होतो. तेव्हापासून चटईच्या प्रश्नावर मी वाघ्याला फार बोलत नाही.

आणि छत्री. छत्रीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, म्हणून ती तूर्त दाराशीच ठेवतो.

तर असा हा कुत्रा घरात असल्यामुळे, कुत्र्यांचं वाङ्मय मी नव्या नजरेने वाचू लागलो. आमच्या देवाधर्मात कुत्र्याला मान मोठा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद. युधिष्ठिराच्या मागोमाग हिमालय चढत गेलेला कुत्रा तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज तयार होईना. पण शेवटी होतं काय, तर तो कुत्रा हा कुत्रा नसतोच, प्रत्यक्ष यमधर्म असतो! समीक्षक म्हणून माझा इथे आक्षेप आहे. कुत्रा जरा बरा वागला, की लगेच तो कुत्रा नव्हताच असं जाहीर करायचं, हा कुठला न्याय?

सिनेमानेही निराळं काही केलं नाही. 1943 च्या इंग्रजी सिनेमातली लॅसी मैलोन् मैल चालून आपल्या घरी परत येते. (ही लॅसी सिनेमात मादी, पण काम करणारा कुत्रा नर होता. म्हणजे कुत्र्यांतही बालगंधर्वांची परंपरा आहे.) 1985 च्या ‘तेरी मेहरबानियाँ’मधला मोती मालकाच्या खुनाचा सूड घेतो. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी करतो. सूड, प्रवास, पंचगिरी, सगळं ठीक आहे. पण या तिघांपैकी एकाच्याही वाट्याला दिग्दर्शकाने तीन शिट्ट्यांचा कुकर दिलेला नाही. दिला असता तर मोतीचा सूड पलंगाखालीच राहिला असता आणि सिनेमा मध्यंतरालाच संपला असता.

ग्रामोफोनच्या तबकडीवरचा तो प्रसिद्ध कुत्रा घ्या. निपर त्याचं नाव. कर्ण्यातून येणारा मालकाचा आवाज तो मान तिरकी करून ऐकतोय, असं फ्रान्सिस बरो या चित्रकाराने दाखवलं. कंपनीने 1899 साली ते चित्र विकत घेतलं. मालक समोर नाही, आवाज मात्र भांड्यातून येतोय, आणि कुत्रा शांत! आमचा वाघ्या असता तर कर्ण्याची पहिली खरखर ऐकूनच तो परसात पोचला असता. मला हे कोडं फार दिवस उलगडत नव्हतं. मग कळलं, की निपर 1895 सालीच वारला होता आणि चित्र त्याच्यामागे काढलेलं होतं. शिवाय बरोने आधी वेगळंच यंत्र रंगवलं होतं, ग्रामोफोन मागाहून त्यावर रंगवला. कुत्रा नाही, यंत्रही ते नाही! जगातल्या सगळ्यात शांत कुत्र्याचं रहस्य हे असं आहे.

मराठीत पु. लं.चा ‘पाळीव प्राणी’ आहे. पण ती कैफियत पाहुण्याची. कुत्र्याने पाहुण्याला काय काय भोगायला लावलं, ते तिथे आहे. कुत्र्याला काय भोगावं लागतं, हे कुणी सांगायचं?

इंग्रजीत दोघांनी थोडाफार प्रयत्न केलाय. जेरोम के. जेरोमच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (1889) मध्ये माँटमोरेन्सी नावाचा एक भांडकुदळ कुत्रा आहे. नावेतली चहाची किटली आपल्याला आव्हान देते, अशी त्याची समजूत होते आणि एके दिवशी तो तिचा चोच धरून लचका घेतो. पुढचं सांगायला नको. त्यानंतर किटली चुलीवर चढली की हा शूर गडी नावेतून उतरून काठावर जाऊन बसतो, तो चहापाणी उरकेपर्यंत. अमेरिकेच्या जेम्स थर्बरने 1933 साली एका चावऱ्या कुत्र्याची हकिगत लिहिली. हा मग्ज सगळ्या गावाला चावायचा, पण ढगांच्या गडगडाटाला भ्यायचा. घरच्यांनी काय करावं? पत्र्याची एक लांब पट्टी घेऊन तिला लाकडी मूठ बसवली. मग्जला घरात घ्यायचं असलं, की थर्बरची आई तो पत्रा खडखडवायची आणि मग्ज धावत आत यायचा.

दोन्ही वाचून मी पोट धरून हसलो. पण दोघांत एक फरक आहे आणि समीक्षकाने तो नोंदवायला हवा. माँटमोरेन्सी किटलीला भितो, त्याचं कारण आपल्याला माहीत आहे, म्हणून तो शहाणा ठरतो. मग्ज गडगडाटाला का भितो, ते माहीत नाही, म्हणून त्याच्यासमोर पत्रा खडखडवायला कुणाचा हात अडखळत नाही. ज्याचं कारण आपल्याला ठाऊक नसतं, त्याला आपण ‘अकारण’ म्हणून मोकळे होतो. बायकोच्या माहेरच्या माणसांच्या रागाबद्दल मी कित्येक वर्षं हेच करत आलो.

कारण शोधायला बसलेला पहिला माणूस माझ्या वाचनात आला, तो लेखक नव्हे, शास्त्रज्ञ : चार्ल्स डार्विन. 1871 सालच्या आपल्या ग्रंथात तो स्वतःच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. उकाड्याचा दिवस, कुत्रा हिरवळीवर पडलाय, जवळच उन्हाची एक छत्री उघडी ठेवलीय. मधूनच वाऱ्याची झुळूक येते आणि छत्री जराशी हलते. ती हलली रे हलली, की कुत्रा गुरगुरून भुंकायला लागतो. छत्रीजवळ कुणी माणूस उभा असता तर त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं, असं डार्विन म्हणतो. हलवणारा दिसत नाही आणि वस्तू तर हलतेय, तेव्हा नक्की कुणीतरी अनोळखी जिवंत आलेलं आहे, असा त्या कुत्र्याने हिशेब केला असावा. अदृश्य शक्तींवरचा माणसाचा विश्वासही याच जातीचा, असं डार्विन सुचवतो. म्हणजे रात्री वाड्यात खिडकी आपोआप वाजली, की मी जे रामनाम घ्यायचो, ते आणि वाघ्याचं गुरगुरणं ही एकाच कुळातली स्तोत्रं झाली.

डार्विनचा चेला रोमान्स याने पुढे मुद्दाम प्रयोगच केला. त्याचा कुत्रा वाळकं हाडूक उडवून खेळायचा, जणू ते जिवंत सावज आहे असं मानून. रोमान्सने हाडकाला बारीक दोरा बांधला आणि हळूच ओढला. हाडूक चालू लागलेलं बघून तो कुत्रा थेट सामानाखाली जाऊन लपला. हे 1877 साली छापून आलं. रोज हात जोडून ‘देवा, दर्शन दे’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने त्या कुत्र्याला हसू नये. देव खरंच देव्हाऱ्यातून उतरून चालायला लागला, तर मीही सामानाखालीच सापडेन.

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून 1965 साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. पिल्लू जगाची ओळख करून घेतं ते साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात, असं त्यात आहे. या दिवसांत जे भेटलं ते आपलं, जे राहून गेलं ते पुढे संशयास्पद. वाघ्या आमच्याकडे आला तेव्हा हे सगळे आठवडे संपलेले होते. ते त्याने मंडईत, हातगाडीखाली, पावसात काढले. तिथे त्याला चटई अंथरून कोण देणार होतं? आणि मंडईत, पावसात, हातगाडीखालच्या भिजक्या पिल्लाला हुसकावायला माणसाच्या हातात नेमकं काय असतं?

छत्री.

हा हिशेब मला फार उशिरा सुचला. त्याआधी जे घडलं, ते सांगायला लाज वाटते, पण टीकाकाराने स्वतःला वगळू नये. एका संध्याकाळी माझे जुने मित्र सहकुटुंब जेवायला आले होते. गप्पा ओसरल्या तसा मी म्हणालो, “आमच्या वाघोबाची गंमत बघायचीय?” आणि बटणाची छत्री आणून वाघ्यासमोर फट्‌कन उघडली. तो जागच्या जागी हातभर उडाला आणि टेबलाखाली पळाला. काय हशा पिकला! लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला. मी आयुष्यात कधी वन्स मोअर मिळवलेला माणूस नाही. मी पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा वाघ्या पलंगाखाली भिंतीला चिकटला होता आणि त्याच्याखालून फरशीवर ओल पसरत होती. मग कुणी हसलं नाही. आमची ही उठली, फडकं घेऊन आली आणि पाहुण्यांना म्हणाली, “ताक घ्या ना अजून.”

दोन दिवस तो माझ्याजवळ आला नाही. खाणं तिच्या हातचं खायचा. मी कुरवाळायला हात पुढे केला की डोळे घट्ट मिटून घ्यायचा, छडी खायला हात पुढे केलेल्या पोरासारखे. मी तिला म्हटलं, “अगं, छत्रीला इतकं काय भ्यायचं?” ती म्हणाली, “छत्री विसरेल हो तो. हात कुणाचा होता, ते नाही विसरायचा.”

त्या रात्री झोप येईना म्हणून महाभारत काढून बसलो. शेवटचा कुत्रा माहीत होता, सुरुवातीचा विसरलो होतो. आदिपर्वात जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं. तिथे देवांच्या कुत्रीचं, सरमेचं, पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला बदडून काढतात. ते रडत आईकडे जातं आणि सांगतं, की मी हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरमा त्या यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते : माझ्या निरपराध पोराला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल! एवढा मोठा राजा, पण घाबरतो आणि शापाचं निवारण करील असा पुरोहित शोधत हिंडतो.

न दिसणारं भय! व्यासांचा कुत्र्यांचा अभ्यास मी समजत होतो त्यापेक्षा पक्का निघाला. माझा सगळा आक्षेप मी मागे घेतो.

हा शाप मलाही लागला. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझ्या काही तपासण्या करायला लावल्या. रिपोर्टचं पाकीट घरी आलं आणि मी ते टीपॉयवर ठेवलं. सबंध दुपार मी त्या पाकिटापासून चार हात लांबून, भिंतीकडेने ये-जा करत होतो. “अहो, उघडा की! ते काय चावतंय?” ही म्हणाली. मी म्हटलं, “उघडतो गं, चहा होऊ दे.” चहा दोनदा झाला. तेवढ्यात वाघ्या आला. त्याने पाकीट हुंगलं, त्यात भिण्यासारखं त्याला काही आढळलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला हसता येत नाही, असं म्हणतात. येत असतं तरी तो हसला नसता, असं मला उगीचच वाटतं. तो माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला आणि मी पाकीट फोडलं. साखर जरा वाढली होती, बाकी काही नव्हतं.

पुरणयंत्र आता आम्ही तो फिरायला गेल्यावर खाली काढतो. चटई आडवीच ठेवतो. छत्री मात्र दाराबाहेर, जिन्याखाली असते. “चोरीला जाईल हो!” असं नाना परवा म्हणाले. गेली तर गेली. घरात ठेवली असती, तरी तिची राखण कोण करणार होतं?