खोताच्या विरुद्ध कोण?

राजा × रंक, मालक × नोकर, स्वामी × सेवक, नेता × अनुयायी. व्याकरणाच्या पुस्तकातली ही विरुद्धार्थी शब्दांची यादी आपण सगळ्यांनी घोकलीय. मार्क पडले, पुढच्या वर्गात गेलो. प्रस्थापितांच्या कथा-कविता आपण तपासतो, तशी ही यादीही एकदा तपासली पाहिजे.

दिवसाच्या विरुद्ध रात्र. एक आली की दुसरी जाते. मग मालक आला की नोकर जातो काय? उलट नोकर नसेल तर मालक मालकच उरत नाही. एक खांद्यावर बसलेला, दुसरा खांदा देणारा. ही जोडी झाली. तिला विरुद्ध म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

मी चौलचा. आमच्या चौल-रेवदंड्यावर शिलाहार होऊन गेले, निजामशाही झाली, पोर्तुगीज झाले, आंगरे झाले, इंग्रज झाले. इतिहासाच्या पुस्तकात डाव्या रकान्यातली नावं अशी बदलत गेली. उजव्या रकान्यात कूळ ते कूळच, महार तो महारच!

मग खोताच्या विरुद्ध कोण? यादी म्हणेल, कूळ. आमच्याच अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ साली हे उत्तर खोडलं. नारायण नागू पाटील पुढे होते. खोताची जमीन कसायचीच नाही, असं ठरलं आणि संप १९३९ पर्यंत चालला. कसणारा नाही तर खोत कसला? १९३४ साली बाबासाहेब चरीला येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. कुळाला खोत करा, असं ते बिल सांगत नव्हतं. ते दोन्ही रकाने पुसायला निघालं होतं.

भाषा मात्र अजून भिते. राजा नको म्हटलं की 'अराजक', नायक नको म्हटलं की 'निर्नायकी'. दोन्ही शब्द शिवीसारखे वापरतात. वर कोणी नसलं की गोंधळच होणार, हे शब्दकोशानं आधीच ठरवून टाकलंय. राजाच्या खरा विरुद्ध शब्द 'प्रजासत्ताक'. २६ जानेवारी १९५० ला तो देशाला मिळाला, घोकायच्या यादीला काही मिळाला नाही.

आता आपल्या घरात बघू. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला. रिपब्लिकन म्हणजे राजा नको म्हणणारा. त्याचे गट पडले आणि गटांना नावं पडली ती नेत्यांची! राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं. आपण सतरंज्या उचलत राहिलो.

आपल्या आज्या-पणज्यांना जोहार करावा लागे. जोहाराला उत्तर जोहार नव्हतं. खालून जोहार जायचा, वरून हुकूम यायचा. जयभीमला उत्तर जयभीम. जोहाराच्या खरा विरुद्ध शब्द हा, आणि तो आपण रोज बोलतो.

म्हणून सांगतो, गाडीत बसलेला नेता आपल्या जयभीमला नुसती मान हलवतो, तेव्हा त्या जयभीमचा जोहार होतो. अशा वेळी गाडीपुढनं हटू नका. उत्तर मागा.

जयभीम.