बाळ, सायकल आणि गुरुत्वमध्याचा अर्धा नियम

नेदरलँड्स, डेन्मार्क, जर्मनी या देशांत सायकलमागे दोन चाकांची छोटी, झाकलेली गाडी जोडून तीत लहान मूल बसवण्याची पद्धत रूढ आहे. आपल्याकडे मूल दांड्यावरच्या सीटवर किंवा मागच्या कॅरिअरवर बसते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील मिरजगावसारख्या, नगर-सोलापूर रस्त्यावरच्या गावात अशी बाळगाडी सुरक्षित ठरेल का, असे विचारले तर विज्ञानाचा विद्यार्थी बहुधा म्हणेल, ‘हो, कारण तिचा गुरुत्वमध्य खाली असतो.’ हे उत्तर आपण वर्गात ज्या पद्धतीने स्थैर्य शिकवतो तिचे फळ आहे. ते अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मुलाला मोजावी लागू शकते.

प्रथम बरोबर भाग पाहू. बाळगाडीच्या दोन चाकांमधले अंतर ७० सेंमी आणि मुलासह तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सेंमी उंचीवर आहे असे धरू. स्थिर गाडी कडेला सुमारे ४१ अंश कलल्याशिवाय उलटणार नाही. एका चाकाखाली १५ सेंमीचा दगड आला तरी कल होतो फक्त १२ अंश. शिवाय जोडणी लवचीक असल्याने सायकल आडवी पडली तरी गाडी सहसा उभी राहते. उलट दांड्यावर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून एक मीटरहून अधिक उंच असते. एक मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर ताशी सुमारे १६ किमी वेगाने आदळते, म्हणजे उभी सायकल कलंडली तरी इजा गंभीर होऊ शकते. आरीत पाय अडकण्याचा धोका वेगळाच.

आता चूक कोठे होते ते पाहू. ‘गुरुत्वमध्य खाली तर स्थैर्य जास्त’ हा नियम रुंद पाया असलेल्या वस्तूंना लागू आहे. सायकलला असा पाया नाही. ती पडू लागते त्या बाजूला हँडल वळते किंवा आपण वळवतो, आणि चाके पुन्हा वजनाखाली येतात. तळहातावर केरसुणी उभी तोलणे पेन्सिल तोलण्यापेक्षा सोपे असते, कारण उंच वस्तू सावकाश पडते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळे सायकल उभी राहते, हे स्पष्टीकरणही अपुरे आहे. डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली उलटे फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरी सायकल चालवता आली. तेव्हा ओढणारी सायकल आणि मागची गाडी यांचे स्थैर्य दोन वेगळ्या कारणांनी टिकते. एकच वाक्य दोघींना लावणे हा विचारातला आळस आहे.

नियम आणखी एका गोष्टीबद्दल गप्प आहे. ती आपल्या शेतकऱ्याला मात्र पक्की ठाऊक असते. बैलगाडीत ओझे आसाच्या मागे गेले की गाडी ‘उलार’ होते आणि जू वर उचलले जाते. बाळगाडीतही मूल आसाच्या मागे बसले तर दांडी सायकलचे मागचे चाक उचलू पाहते. त्या चाकावरचा भार घटतो, घर्षण घटते आणि ब्रेक लावताना ते घसरते. म्हणून मूल आसाच्या किंचित पुढे असावे. प्रश्न येथे उंचीचा नाही, पुढे-मागेचा आहे.

तिसरी बाब ब्रेकची. सायकल आणि चालक मिळून ८० किलो आणि गाडी व मूल मिळून २० किलो धरले, तर त्याच वेगाला गतिज ऊर्जा सव्वापट होते. ब्रेकचे बल तेच राहिले तर थांबण्याचे अंतरही सव्वापट होते. वळणावर ब्रेक लावला तर मागची गाडी सायकलला ढकलते, हेही खरे.

आणि ज्या बुटकेपणाची आपण स्तुती केली, तोच हमरस्त्यावर दोष ठरतो. कमरेइतकीही उंच नसलेली गाडी उसाच्या ट्रेलरवाल्याला किंवा ट्रकचालकाला जवळून दिसतच नाही. अंधारात, परावर्तकाशिवाय तर नाहीच. उंच काठीवर भडक झेंडा आणि मागे लाल दिवा हवाच. तरीही माझ्या मते ही गाडी शिवाररस्त्याची आणि गावातल्या गल्लीची आहे, हमरस्त्याची नव्हे. एक वर्षाखालील मुलाला तर कोणत्याच प्रकारे सायकलवर नेऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मान डोके आणि हेल्मेट यांचा भार धक्क्यांत पेलू शकत नाही, हे त्यामागचे कारण.

शिक्षकांनी हा धडा घेताना काडेपेटी, दोन बुचे आणि एक काडी यांची गाडी करून मुलांकडून तीत खडा पुढे-मागे, वर-खाली ठेववून घ्यावा. शेजारी केरसुणी आणि पेन्सिल तोलायला द्यावी. मग नियम फळ्यावर लिहावा, पण अटीसह: कोणत्या वस्तूचा, कोणत्या दिशेने, थांबलेली असताना की चालताना. ही अट गाळली तर मुलांना परीक्षेत गुण मिळतील, पण रस्त्यावर निर्णय घेताना तो नियम त्यांना फसवेल.