पडद्यावरचा इतिहास आणि येरवड्याचे गाळलेले पान

वर्षावासाच्या काळात नवी मुंबईतील एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर चित्रपट दाखवावा आणि त्यावर उपासक-उपासिकांनी मोकळेपणाने बोलावे, असा उपक्रम यंदा झाला. जगाचा इतिहास चित्रपटांच्या आधारे समजून घ्यावा, हा त्यामागील हेतू होता. त्यांपैकी तीन चित्रपटांविषयी, आणि त्याहून अधिक त्यांवरील चर्चेविषयी, येथे लिहावयाचे आहे.

पहिला चित्रपट रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ (1982). आठ ऑस्कर पारितोषिके मिळविणाऱ्या या कलाकृतीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. बेन किंग्जले यांचा अभिनय आणि अंत्ययात्रेतील तो अफाट जनसमुदाय आजही प्रेक्षकाला खिळवून ठेवतो. 1893 मधील पीटरमॅरिट्झबर्गचे रेल्वेस्थानक, 1919 चे जालियनवाला बाग, 1930 ची दांडीयात्रा, 1931 ची लंडनची परिषद हे सारे यात आहे. लंडनहून मात्र कथा थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत झेप घेते. दिवे लागताच एका वृद्ध उपासकाने विचारले, “मग 1932 साल कुठे गेले?” डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तीन तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात एकदाही दिसत नाहीत.

यावर एका तरुणाने हरकत घेतली. चित्रपट गांधीजींच्या जीवनावर आहे. त्यात बाबासाहेब असलेच पाहिजेत असा आग्रह का धरावा? हरकत रास्त होती आणि तिचे उत्तर भावनेने देता येण्यासारखे नव्हते. उत्तर असे की, 20 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याच्या तुरुंगात सुरू झालेले उपोषण हा गांधीजींच्याच चरित्रातील प्रसंग आहे. अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध त्यांनी आपले प्राण पणाला लावले आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. चौरीचौरानंतरचे उपोषण दाखवावयाचे, कलकत्त्याचे दाखवावयाचे, आणि ज्या उपोषणाने राज्यघटनेच्या वाटचालीवर परिणाम केला ते मात्र वगळावयाचे, ही निवड आहे. नायकाच्या निष्ठेची सर्वांत कठीण कसोटी ज्या प्रसंगी लागली, तोच दिग्दर्शकाने टाळला. बाबासाहेबांवर अन्याय झाला हे तर खरेच. पण गांधीचरित्र म्हणूनही हा चित्रपट तेथे उणा पडतो.

पुढील रविवारी डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (2000) दाखविण्यात आला. मामुट्टी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थ होता. येरवड्याचा प्रसंग येथे आहे, आणि मोहन गोखले यांचे गांधी मूर्तीसारखे गुळगुळीत नाहीत. त्यांना हट्ट आहे, चातुर्य आहे. रमाईंच्या प्रसंगांना अनेक उपासिकांचे डोळे पाणावले. परंतु नोंदवावयाची गोष्ट निराळीच आहे. त्या दिवशीची चर्चा तिन्हींत सर्वांत लहान झाली. ॲटनबरोंची चिकित्सा करताना आपली जीभ धारदार होती. आपल्या उद्धारकर्त्यावरील चित्रपट समोर येताच ती जड झाली. कालामांना तथागतांनी जे सांगितले, की केवळ परंपरेने आले म्हणून किंवा आदरणीय व्यक्तीने सांगितले म्हणून स्वीकारू नका, ते आपल्या बाजूच्या चित्रपटालाही लागू आहे, याचा आम्हांस विसर पडला.

सभा उठणार तोच महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, करारात नेमके काय लिहिले होते? 148 राखीव जागा एवढे सर्वांना पाठ होते. पण त्या जागांसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवारांची नामिका निवडावयाची आणि मग संयुक्त मतदारसंघाने त्यांतून एकास निवडावयाचे, ही तरतूद सांगता येणारे दोघेच निघाले. नंतरच्या रविवारी कराराचा मजकूर वाचला गेला. चित्रपटाने जे केले नाही ते त्या मुलीच्या एका प्रश्नाने केले.

तिसरा चित्रपट एव्हा डुव्हर्ने यांचा ‘ओरिजिन’ (2023). इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ (2020) या ग्रंथाच्या लेखनाची ही कथा. अमेरिकेतील वर्णभेद, नाझी जर्मनी आणि भारतातील जातिव्यवस्था यांचा सांधा ती जोडते. बाबासाहेबही तीत पात्र म्हणून येतात. इंग्रजी संवाद असल्याने मध्येमध्ये चित्रपट थांबवून मराठीत सांगावे लागे, आणि अशा प्रत्येक थांब्यावर वाद सुरू होई.

हा सांधा आपल्याला परका नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, मार्च 1915 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ झळकला. कु क्लक्स क्लॅनला तारणहार ठरविणाऱ्या त्या चित्रपटाविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या संघटनेने निषेध केला. ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचे नियतकालिक त्याच शहरातून निघत असे, त्यांना पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले. पडदा इतिहास खोटा करू शकतो, हा धडा जगाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच घेतला आहे.

‘ओरिजिन’मधील सर्वांत जिवंत प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा आहे. एक जर्मन स्त्री लेखिकेला अडविते: गुलामगिरीला माणसे राबविण्यासाठी हवी होती, नाझींना ती नष्टच करावयाची होती, दोहोंना एका सूत्रात कसे ओवता? चित्रपट हा आक्षेप ऐकून घेतो, पण त्याच्याशी पुरेसा झगडत नाही. विहारात मात्र तो झगडा झाला. एकाने म्हटले, जातीलाही राबणारे हातच हवे असतात, म्हणून ती मारीत नाही, जगविते. तेव्हा महानगरपालिकेच्या सफाई कामावर कंत्राटी असलेला एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, “गटारात उतरलेला परत वर येत नाही, तेव्हा ते कोणत्या रकान्यात लिहायचे?” चित्रपटात मैल्यात उतरणाऱ्या माणसाचे दृश्य होते, ते पुन्हा लावावे अशी मागणी झाली. दुसऱ्यांदा पाहताना कोणी अनुवाद मागितला नाही.