तीन आठवड्यांचे ऊन, एक दुपार

सत्यजित राय यांचा ‘कांचनजंघा’ (१९६२) पाहताना एक गोष्ट लक्षातही येत नाही, आणि तेच त्याचे मोठे यश आहे. पडद्यावर जेमतेम एक दुपार सरते. दार्जिलिंगला सुटीवर आलेले एक बडे कुटुंब फिरायला बाहेर पडते आणि पावणेदोन तासांच्या आत गोष्ट संपते. चित्रपटाची लांबीही साधारण तेवढीच. चित्रीकरण मात्र तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले होते. इतक्या दिवसांचे ऊन, ढग आणि धुके एकाच दुपारचे वाटते ते कसे, याचा विचार संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावा.

रायांचा हा पहिला रंगीत चित्रपट, आणि अडचण रंगामुळेच वाढते. कृष्णधवल चित्रात ढग आला तर चेहरा थोडा काळवंडतो, इतकेच. रंगीत फिल्मवर त्वचेचाच रंग पालटतो. थेट उन्हाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्विन, ढगाळ आकाशाचे साडेसहा हजारांच्या पुढे, उघड्या आकाशाखालच्या सावलीचे त्याहून जास्त. आकडा चढतो तशी निळी झाक वाढते. आपला डोळा हा फरक आपोआप सावरून घेतो, फिल्म घेत नाही. संवादातले एक वाक्य उन्हात आणि त्याचे उत्तर ढगाखाली टिपले, तर एका बाकावर बसलेली दोन माणसे दोन वेगळ्या दिवसांत बोलत असल्यासारखी दिसतात. प्रिंट काढताना प्रयोगशाळेत लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे प्रमाण शॉटगणिक बदलता येई, पण ते सबंध चौकटीला लागू होई. जी सावली पडलीच नव्हती, ती तिथे कोण आणणार?

रायांनी हा प्रश्न पटकथेतच सोडवला. त्यांनी स्वतः रचलेली ही पहिली मूळ कथा. आधी ऊन, मग ढग, मग चढत जाणारे धुके आणि शेवटी उघडीप, असा हवामानाचा क्रम तिच्यातच बांधलेला आहे. दार्जिलिंगची हवा घटकेत पालटते. त्यामुळे ऊन पडले की उन्हाचा प्रसंग, धुके उतरले की धुक्याचा, असे काम करता आले. स्टुडिओतला एकही प्रसंग नाही. निसर्गाशी झुंजण्यात जाणारा वेळ वाचला हे खरेच, पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की उजेडातला फरक पात्रांच्या मनःस्थितीत मुरला.

कुटुंबातली मुलगी मनीषा आणि तिच्याशी लग्न करू पाहणारा बॅनर्जी यांचे फिरणे या दृष्टीने पाहावे. धुके दाटत जाते तशी मागची टेकडी, झाडे, रस्ता एकेक करून पुसले जातात आणि रंगांतला कस कमी होतो. बॅनर्जीकडे नोकरी आहे, प्रतिष्ठा आहे, मनीषाच्या वडिलांची पसंती आहे. पण ज्या भक्कम जगाच्या आधाराने तो बोलतो, ते चौकटीतून नाहीसे होत असते. तेच संवाद लख्ख उन्हात झाले असते तर त्याचे पारडे जड वाटले असते, असे मला ठामपणे वाटते. शेवटी धुके ओसरते, कांचनजंघाचे शिखर उघडे पडते, आणि ज्याच्या हुकमावर सारे कुटुंब चालले तो मनीषाचा बाप इंद्रनाथ आपली माणसे शोधत राहतो. शिखराकडे त्याचे लक्षच जात नाही. इंद्रनाथ झालेल्या छबी विश्वासांचा तो भांबावलेला चेहरा आणि मागचा स्वच्छ उजेड यांचे न जुळणे हाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

या साऱ्यामागे छायालेखक सुब्रत मित्र यांची नजर आहे. जाँ रेनुआर बंगालमध्ये ‘द रिव्हर’ करत होते तेव्हा तरुण मित्र चित्रीकरण पाहायला जात आणि दिवे कुठे, नट कसे हलले, कॅमेरा कुठून फिरला याची रेखाटने व टिपणे करत. पुढे एक वेळ अशी आली की एक शॉट पुन्हा घेण्याआधी छायालेखक क्लोद रेनुआर यांनी प्रकाशाचे सातत्य त्यांच्याच वहीतून ताडून पाहिले. वयाच्या एकविसाव्या वर्षी, चलच्चित्राचा कॅमेरा कधी हाती न धरलेल्या या माणसावर रायांनी ‘पथेर पांचाली’ सोपवला, यात मला नवल वाटत नाही.

‘अपराजितो’मध्ये (१९५६) मित्रांना ‘कांचनजंघा’च्या उलटे काम करायचे होते. काशीचे घाट आणि गल्ल्या खऱ्या. घराचा चौक मात्र कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेला. चौकात वरून झिरपणारा बिनसावलीचा उजेड दिव्यांनी साधणे अशक्य आहे, असे मित्रांचे म्हणणे होते. शेवटी त्यांनीच सेटवर कापड ताणले आणि दिवे खालून त्यावर मारले. कापडच आकाश झाले. तो चौक काशीतला नाही हे सांगितल्यावरही पटत नाही. दिशा जुळली आहे, सावलीची कड जुळली आहे. मग छटेत उन्नीस-बीस असले तरी डोळा माफ करतो. रंगाआधी सावली जुळवण्याची ही पायरी आज फार जण गाळतात.

आजचेच एक उदाहरण घ्या. कोलकात्याच्या बालीगंजमध्ये एकडालिया एव्हरग्रीन या मंडळाची दुर्गापूजा टिपायला हल्ली प्रत्येक चमूत दोन-तीन कॅमेरे असतात. आत प्रचंड झुंबराचा पिवळसर उजेड, बाहेर मावळतीचे निळे आकाश आणि रस्त्यावरचे एलईडी. संधिपूजेचे १०८ दिवे लागले की ज्योतीचा उजेड दोन हजार केल्विनच्याही खाली. दोन कॅमेऱ्यांना यातले पांढरे आपापल्या समजुतीने दिसते. संकलक आधी उजेडाची पातळी सारखी करतो, मग पांढऱ्याचा तोल, मग व्हेक्टरस्कोपवर त्वचेची रेघ पाहून ढाक वाजवणाऱ्याचा चेहरा दोन्हींकडे एकाच वाटेवर आणतो. इथवर ठीक. पण पुढे ज्योतीही पांढऱ्या करून सबंध मंडप एका रंगात बुडवणे ही चूक आहे. गाण्याच्या मैफलीत दोन तानपुरे एका षड्जाला मिळवतात, पण प्रत्येकाची जवारी वेगळी राहू देतात. मंडपातले झुंबर आणि बाहेरची संध्याकाळ यांनाही तेवढी मोकळीक हवी. माणूस दोन्ही उजेडांत तोच राहिला की जुळले.

मित्र अखेरच्या वर्षांत कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांचे काम समजून घ्यायचे तर ‘कांचनजंघा’ एकदा आवाज बंद करून पाहावा. प्रत्येक कटला आधी चेहऱ्यावरची सावली पाहावी, तिची कड तीक्ष्ण आहे की विरलेली ते पाहावे, आणि रंगाकडे त्यानंतर वळावे.