मातृत्व : मुलाच्या आठवणीतील आणि आईच्या अनुभवातील

मराठी वाङ्मयात आईची थोरवी गाणाऱ्या लेखनाची वाण नाही. यशवंत आणि माधव जूलियन यांच्या आईवरील कविता व साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ यांचा परिचय सुशिक्षित कुटुंबास करून द्यावा लागत नाही. परंतु ही तिन्ही एकत्र ठेवून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही ठिकाणी बोलणारा पुत्र आहे, आणि ज्या आईविषयी तो बोलतो ती इहलोकी उरलेली नाही. आमची मातृस्तुती बह्वंशी विलापातून जन्मली आहे. यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. पण विलापात मुलाची आठवण उतरते, आईचा अनुभव उतरतोच असे नाही.

या विचारास एक लहानसा प्रसंग कारण झाला. वर्गात ‘श्यामची आई’विषयी बोलत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे सारे श्यामला काय वाटले ते झाले. त्याच्या आईला काय वाटत होते?” आम्ही काही उत्तर देऊन वेळ निभावून नेली, परंतु घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडल्यावाचून आम्हांस राहवले नाही.

या पुस्तकाचा बराचसा भाग १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला गेला आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. ४२ रात्रींतून श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. स्नानानंतर ओल्या पायांस माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आई सर्वांस आठवते. १९५३ साली आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने तर ती घरोघर पोहोचविली. पण त्याच पुस्तकात, पोहायला जाण्यास भिऊन लपलेल्या श्यामला मारीत बाहेर काढणारी आई आहे. सावकाराचा माणूस दारी येऊन वाटेल ते बोलतो तेव्हा संतापाने पेटणारी आई आहे. लहान मूल गमावलेली, आजाराने खंगलेली आणि अब्रूच्या चिंतेने पोखरलेली आई आहे. गुरुजींनी हे झाकलेले नाही. झाकले ते आम्ही वाचकांनी आणि आम्ही शिक्षकांनी. तिचा राग, तिची लाज व तिचा थकवा बाजूस सारून आम्ही केवळ सहनशीलता तेवढी उचलली आणि तिचे नाव मातृत्व ठेवले. मग घरातील चालत्याबोलत्या आईकडूनही तेवढीच अपेक्षा होऊ लागली, तर नवल ते काय!

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे वळले पाहिजे. १९३४ सालापासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत बोलते ती आई स्वतः. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लहानग्या दत्तूस घेऊन मागे राहिलेल्या या स्त्रीची जी दशा झाली ती तिने स्वतःच सांगितली आहे. आपली भीती, आपला हट्ट, आपली फजिती काहीच ती लपवीत नाही. उलट स्वतःस हसते. पुढे दुष्काळातील पोरक्या मुलांना तिच्या घरात थारा मिळाला, आणि बालकवी ठोमरे यांनाही त्या घरची माया लाभली. येथे मातृत्व हे जन्म दिल्याने आपोआप लाभणारे देवपण नव्हे. ते रोज उठून करावयाचे, कधी जमणारे व कधी फसणारे काम आहे. असे काम करणारी बाई चुकू शकते, आणि चुकूनही आई राहते. आमच्या मते या पुस्तकाचे मोठेपण केवळ त्याच्या सरळ भाषेत नाही, तर या मोकळेपणात आहे.

लक्ष्मीबाईंनी जे गद्यात केले ते अनाम बायका पहाटेच्या जात्यावर कितीतरी पूर्वीपासून करीत आल्या होत्या. त्या ओव्यांत लेकराचे कौतुक आहे, तसा सासरी निघालेल्या लेकीचा घोर आहे आणि बाईच्या जन्माविषयीची तक्रारही आहे. ज्या साने गुरुजींना आम्ही केवळ मातृभक्त पुत्र म्हणून ओळखतो, त्यांनीच ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात अशा ओव्या कष्टाने गोळा करून ठेवल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. म्हणजे आईचा स्वर मराठीत नव्हता असे नाही. आम्ही तो पाठ्यपुस्तकाच्या व समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता, इतकेच.

‘श्यामची आई’ बाजूस ठेवावी असे आमचे म्हणणे नाही. ती वाचावीच; पण तिच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ व ‘स्त्रीजीवन’ ही दोन पुस्तकेही घरात असावीत, आणि मुलांनी तिन्ही वाचावीत. त्या विद्यार्थिनीस आम्ही हेच सांगावयास हवे होते. वर्गात न सुचलेले उत्तर येथे लिहून ठेवतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट कबूल करणे प्राप्त आहे. तिचा प्रश्न आम्ही आमच्या स्वतःच्या आईस कधीच विचारला नाही, आणि आता विचारावयास ती राहिली नाही. ज्यांची आई घरात आहे, त्या वाचकांनी तरी तेवढा उशीर करू नये.